दशक, समास, ओवी : ग्रंथरचनेचे संगणकीय रूपांतर

समर्थ रामदासांचा दासबोध हा रचनेच्या दृष्टीने मराठीतील अत्यंत शिस्तबद्ध ग्रंथांपैकी एक होय. वीस दशक, प्रत्येक दशकात दहा समास, म्हणजे एकूण २०० समास, आणि प्रचलित गणनेनुसार ७७५१ ओव्या अशी त्याची मांडणी आहे. या ग्रंथाचा हिंदी अनुवाद माधवराव सप्रे यांनी केला. १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढणारे आणि १९२६ साली रायपूर येथे निवर्तलेले सप्रे हे मातृभाषेने मराठी, परंतु हिंदी गद्याच्या घडणीत त्यांचा वाटा मोठा आहे. मूळ ग्रंथ आणि हा अनुवाद यांची तुलना संगणकाच्या साहाय्याने करावयाची झाल्यास प्रथम एक प्रश्न उभा राहतो. तो वरकरणी तांत्रिक असला तरी वस्तुतः साहित्यविचाराचा आहे.

ग्रंथ संगणकात बहुधा ‘जेसन’सारख्या पद्धतीने नोंदविला जातो. अशा नोंदीत एकाच्या पोटात दुसरे, दुसऱ्याच्या पोटात तिसरे अशी रचना असते. दशकाच्या नोंदीत त्याचा क्रमांक, नाव आणि समासांची यादी. समासाच्या नोंदीत त्याचे नाव आणि ओव्यांची यादी. ओवीजवळ मात्र केवळ तिचा क्रमांक आणि पाठ असतो. ती कोणत्या समासातील, हे तिच्या स्थानावरूनच कळते.

ही नोंद वाचल्यावर संगणकाच्या हाती प्रथम येतात त्या निव्वळ याद्या आणि नाव व मूल्य यांच्या जोड्या. समास म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नसते. ‘ओव्या’ऐवजी चुकून ‘ओवी’ असे नाव पडले, तर ती चूक नोंद वाचताना उघडकीस येत नाही. पुढे कोठेतरी ओव्या शोधताना अडखळल्यावर कळते. म्हणून आज्ञावलीकार ‘क्लास’ची व्याख्या करतात आणि नोंदीतील प्रत्येक घटकापासून त्या व्याख्येबरहुकूम एक ‘ऑब्जेक्ट’ घडवितात. समासाला नाव असलेच पाहिजे, ओव्यांचा क्रम बदलता कामा नये, अशा अटी येथे प्रथमच स्पष्ट शब्दांत मांडल्या जातात.

या रूपांतरात नेहमी घडणारी चूक अशी की, बाहेरचे आवरण तेवढे बदलते. पायथन भाषेत दशकाचा क्लास लिहून त्यात ‘समासांची यादी’ असे घोषित केले, तरी ती भाषा आतील नोंदींचे रूपांतर आपण होऊन करीत नाही. दशक ऑब्जेक्ट होतो, समास कच्ची नोंदच राहतात. म्हणून दशक घडविणाऱ्या कृतीने प्रत्येक समास घडविणाऱ्या कृतीला, आणि तिने ओवी घडविणाऱ्या कृतीला पाचारण केले पाहिजे.

दुसरी अडचण पत्त्याची. ओव्यांचे क्रमांक प्रत्येक समासात नव्याने सुरू होतात. त्यामुळे ‘पाचवी ओवी’ २०० ठिकाणी सापडते. ओवी समासातून उचलून अनुवादाशेजारी ठेवली की तिचे घर हरवते. यासाठी तिच्याजवळ दशक व समास यांचे क्रमांक द्यावेत. समास ओवीकडे आणि ओवी पुन्हा समासाकडे बोट दाखवील असेही करता येते; परंतु मग तो संबंध पुन्हा नोंदीत उतरविताना आज्ञावली गरगर फिरत राहण्याचा धोका असतो. क्रमांकही अंक म्हणून साठवावेत. अक्षरे म्हणून साठविल्यास क्रमवारीत दहावा दशक दुसऱ्याच्या आधी येऊन बसतो. तसेच अनुवाद ‘नाही’ आणि अनुवाद ‘अद्याप नोंदविलेला नाही’ यांतील भेद राखला पाहिजे. दोन्ही ठिकाणी रिकामी जागा सोडली तर अनुवादकाने जे गाळलेले नाही, तेही त्याच्या माथी बसते.

याहून मूलगामी प्रश्न एककाचा आहे. गद्य अनुवादातील एका वाक्यात दोनतीन ओव्यांचा आशय सामावला, तर ते वाक्य कोणत्या ओवीच्या पोटात घालावयाचे? पद्याची विभागणी आणि वाक्याची विभागणी एकमेकींना छेदतात. एकच उतरंड दोहोंना पुरत नाही. १९८७ साली आरंभ झालेल्या ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’ या उपक्रमाच्या अभ्यासकांनाही या गुंत्याला तोंड द्यावे लागले. अशा वेळी अनुवादाचे वाक्य स्वतंत्र ऑब्जेक्ट मानून ‘अमुक ओवीपासून तमुक ओवीपर्यंत’ असा संबंध नोंदविणे अधिक प्रामाणिक ठरते.

वाक्य बळेच एका ओवीत कोंबले, तर संगणक उरलेल्या ओव्या ‘अननुवादित’ म्हणून मोजील आणि त्या मोजणीवरून सप्र्यांच्या मूलनिष्ठेविषयी चुकीचा निष्कर्ष काढला जाईल. क्लासची व्याख्या हा अशा रीतीने ग्रंथावरील एक अभिप्रायच असतो. तो केवळ तंत्रज्ञाच्या हाती न सोपविता, पाठचिकित्सा व अनुवादविचार जाणणाऱ्या अभ्यासकाने रूपांतराला आरंभ होण्यापूर्वीच ठरविला पाहिजे.