ओट्यापासून क्लबहाउसपर्यंत

आज मी बंगळुरूच्या चामराजपेटमध्ये आहे. १८९२ साली आखलेली ही वस्ती. इथल्या जुन्या घरांत लाल ऑक्साइडचा गुळगुळीत कोबा आणि दारापुढे गप्पांचा ओटा. त्याला झाडूखेरीज खर्च नव्हता.

नव्या इमारतींत गप्पांना क्लबहाउस असतं, जोडीला जिमही. पण त्याचे पैसे आपणच भरतो. समजा, सुपर बिल्टअप १,००० चौरस फूट आणि कार्पेट ७००, तर उरलेल्या ३०० मध्ये बाहेरच्या भिंती, बाल्कनी, जिना, लिफ्ट, क्लबहाउस आलं. वर दरमहा मेंटेनन्स वेगळा.

म्हणून ब्रोशरमधलं इंटिरियर बघण्याआधी कार्पेट एरिया विचारा. रेरा कायद्याने (२०१६) तो सांगणं बिल्डरवर बंधनकारक आहे. मग स्वतःला विचारा: जिममध्ये मी खरंच जाणार आहे का?