आधी अभ्यास, मग निर्णय

चिकित्सक विचार ही केवळ विद्यापीठात शिकण्याची गोष्ट नाही. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावात अभ्यासगट आणि ग्रामसभा वेगवेगळ्या असतात. अभ्यासगटात माहिती जमवतात, बाहेरच्या जाणकारांना प्रश्न विचारतात, शंका काढतात. निर्णय मात्र घेत नाहीत. तो ग्रामसभेत, सर्वसहमतीने होतो. निर्णयाची घाई नसली, की आपले मत तपासणे व बदलणे सोपे जाते. वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेथे चुकीच्या निर्णयाची किंमत गुणांत नव्हे, जंगलात मोजावी लागते. वर्गातही एखाद्या प्रश्नाचा आज फक्त अभ्यास करावा, मत उद्या विचारावे.