फाल्गुनापासून मागं

“त्या कोपऱ्यात म्हैस कुणी बांधली रे?” रात्री दोनला आईनं विचारलं. कोपऱ्यात सलाइनचा स्टँड होता.

लघवीतल्या जंतुसंसर्गासाठी आई चिकलठाण्यातल्या एका रुग्णालयात होती. ताप तिसऱ्या दिवशी उतरला आणि चौथ्या रात्री हे सुरू झालं. “वय झालं, चालायचंच,” शेजारच्या खाटेवरून कुणी म्हणालं. मलाही ते पटलं.

सकाळच्या सिस्टरांना पटलं नाही. त्या खाटेच्या कडेला टेकल्या. “आजी, फाल्गुनापासून मागं मागं महिने सांगा बरं.” पंचांग तोंडपाठ असलेली आई ‘फाल्गुन, माघ’ म्हणून थबकली, मग पुन्हा फाल्गुन. “आता एसटीला हात करता ना, तसे दोन्ही पंजे धरा.” धरलेले पंजे मध्येच गळून पडत, पुन्हा वर येत. सिस्टरांनी वेळ लिहिली आणि डॉक्टरांना बोलावलं.

ताप उतरत असताना भ्रम चढला, इथंच डॉक्टर थांबले. इंजेक्शन सेफेपीम या प्रतिजैविकाचं होतं. त्यांनी कागदावर मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा हिशेब मांडला. 140 मधून वय 76 वजा, गुणिले वजन 48. भागिले 72 गुणिले क्रिएटिनिन 1.4. बायकांसाठी त्याचे 85 टक्के. उत्तर आलं मिनिटाला 26 मिलिलिटर. रिपोर्टात क्रिएटिनिन जरासंच वाढलेलं दिसत होतं. सुकलेल्या अंगात स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिनही कमी तयार होतं, आणि थकलेलं मूत्रपिंड त्या आकड्याआड लपतं. सेफेपीम बाहेर पडतं ते मुख्यतः लघवीवाटे. साठलं, की मेंदूला शांत ठेवणाऱ्या ‘गाबा’च्या कामात आडवं येतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं याबद्दल 2012 मध्येच इशारा दिला होता.

मी एमआयडीसीत औषधांच्या पॅकिंगला आहे. प्रत्येक खोक्यात घडी घातलेलं माहितीपत्रक जातं. एखादं जरी राहिलं तरी लाइन थांबते. मूत्रपिंड मंद असेल तर मात्रा किती कमी करायची, हे त्यातच छापलेलं असतं. मी पत्रकं मोजत आलो, उघडून एकही वाचलं नव्हतं.

डॉक्टरांनी औषध बदललं. तिसऱ्या सकाळी सिस्टर पुन्हा टेकल्या. आई फाल्गुनापासून सरसर ज्येष्ठापर्यंत आली, थांबली, आणि माझ्या पोटात गोळा आला.

“अधिक महिना धरायचा, का सोडायचा गं?”