बेबंद गति आणि अणूची शिस्त

कॅरमच्या फळ्यावर मध्यभागीं एक वाटोळी चकती पक्की बसवून तिच्यावर सोंगटी मारली, तर पहिल्या एकदोन टकरांनंतर ती कोठें जाईल हें सांगतां येतें. पुढें मात्र नेमांतील केसाएवढा फरकहि टकरेगणिक वाढत जातो आणि सारें भाकित फुकट जातें. न्यूटनचे नियम कोठेंहि मोडत नाहींत. तरीहि गति बेबंद होते.

अणूच्या पोटांत असें घडलें तर? १९१३ सालीं नील्स बोर यांनीं इलेक्ट्रॉनला ठराविक कक्षाच मोकळ्या असतात असें मानून हायड्रोजनच्या वर्णरेषांचा उलगडा केला. परंतु कक्षा निवडण्याची अशी रीत गति शिस्तीची असेल तरच लागू पडते, हें आइन्स्टाइन यांनीं १९१७ सालीं दाखवून दिलें. पुढें १९२५-२६ सालीं नवें पुंजशास्त्र आलें, कक्षांची कल्पना मागें पडली आणि ही शंकाहि अनेक वर्षें दुर्लक्षित राहिली.

ती पुन्हां हातीं घेणारे मार्टिन गुट्झविलर १९२५ सालीं स्वित्झर्लंडमधील बाझल येथें जन्मले. झूरिक येथें त्यांनीं वोल्फगांग पाउली यांच्या हाताखालीं अध्ययन केलें व अमेरिकेंतील कॅन्सस विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. कांहीं वर्षें तेलकंपनींत भूगर्भविषयक काम केल्यावर ते आय. बी. एम. च्या प्रयोगशाळेंत आले व निवृत्तीपर्यंत तेथेंच राहिले.

१९७१ सालीं त्यांनीं आपलें प्रसिद्ध सूत्र मांडलें. बेबंद गतींतहि कांहीं मार्ग असे असतात कीं, त्यांवरून निघालेला कण फिरून त्याच स्थळीं, त्याच दिशेनें व त्याच वेगानें परत येतो. हे मार्ग अस्थिर खरे. कण किंचित् ढळला कीं तो दूर दूरच जातो. तरीहि ऊर्जापातळ्यांची मांडणी या आवर्ती मार्गांच्या बेरजेंतून मिळते, असें गुट्झविलर यांनीं दाखविलें. तंबोऱ्याच्या तारा निरनिराळ्या असून त्यांचा नाद एक होतो, तद्वत् प्रत्येक मार्ग आपली लहर पुरवितो. १९८० नंतरच्या दशकांत, प्रबल चुंबकक्षेत्रांत ठेवलेल्या हायड्रोजनच्या वर्णपटांत अशा परत फिरणाऱ्या मार्गांच्या खुणा प्रत्यक्ष आढळल्या.

अडचण एवढीच कीं, लांबी वाढतांना मार्गांची संख्या भराभर वाढते व बेरीज आटोक्यांत राहत नाहीं. म्हणून हें सूत्र वापरणें कठीण, आणि त्यावरील संशोधन मोठें झालें. गुट्झविलर २०१४ सालीं निवर्तले. जेथें कक्षांचा हिशेब थांबतो असें आइन्स्टाइन यांनीं दाखविलें होतें, तेथूनच तो पुढें नेण्याची वाट त्यांनीं घालून दिली.