डोळे कुठे जपले आहेत?

वनस्पतींची कुळे मुख्यतः फुलाफळांच्या रचनेवरून ठरवली जातात. परिस्थितिकीचे अभ्यासक आणखी एक प्रश्न विचारतात: प्रतिकूल ऋतू ही वनस्पती कशी काढते?

डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ क्रिस्टेन राउनकीअर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी याच प्रश्नावर जीवरूपांची पद्धत उभारली. पुढच्या हंगामात फुटणारे डोळे जमिनीपासून किती उंचीवर टिकतात, हा तिचा निकष. २५ सेंटिमीटरहून उंच डोळे असलेले वृक्ष आणि मोठी झुडपे पहिल्या गटात, त्याखालची खुरटी झुडपे दुसऱ्यात. तिसऱ्या गटाचे डोळे जमिनीलगत असतात, चौथ्याचे मातीत किंवा पाण्यात. पाचव्या गटातल्या वर्षायू वनस्पती फक्त बी मागे ठेवतात.

साताऱ्याजवळच्या कास पठारावर जांभ्यावरचा मातीचा थर पातळ आणि उन्हाळा कोरडा. तिथला तेरडा आणि सोनकी वेगवेगळ्या कुळांतले, तरी दोन्ही वर्षायू. बी टाकून संपतात. दीपकाडी मात्र कंदाच्या रूपाने मातीत तगते.

एखाद्या प्रदेशातले या गटांचे प्रमाण तिथल्या हवामानाची साक्ष देते: सदाहरित जंगलात वृक्षांचे वर्चस्व, वाळवंटात वर्षायूंचे. कासच्या वनस्पती कोरड्या ऋतूत बी आणि कंदांच्या रूपाने मातीत दडलेल्या असतात; म्हणूनच एप्रिलमधल्या उजाड पठाराला पडीक जमीन समजणे चूक आहे.