मनाच्या दुखण्यासाठी कोणाकडे जावे?

गेल्या आठवड्यात दवाखाना बंद करायच्या वेळेला बाजार समितीतले एक आडत दुकानदार आले. बरोबर पेशंट नव्हता. कंपाउंडर बाहेर गेल्याची खात्री करून घेऊन त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमच्या हिच्यासाठी कोणी चांगला माणूस सांगा. तीन महिने झाले, जेवणावर लक्ष नाही, पहाटे तीनला उठून बसते, कशावरूनही डोळ्यांना पाणी. यंदा दिवाळीचा फराळसुद्धा विकत आणला. पण तेवढा वेड्यांचा डॉक्टर नको."

हा प्रश्न हल्ली मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. विचारणारा बहुधा स्वतः पेशंट नसतो, आणि शेवटचे वाक्य बहुधा हेच असते. २०१५-१६ साली देशात मानसिक आरोग्याचे राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. त्यात सुमारे साडेदहा टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचे आढळले, आणि त्यांतील बहुसंख्य लोक उपचाराविना होते. दहा हजार प्रौढांच्या गावात हा आकडा हजारावर जातो. तेव्हा आडत दुकानदारांना जे सांगितले, ते सर्वांनाच सांगावे म्हणून हा लेख.

आधी माझी स्वतःची एक चूक सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी प्राथमिक शाळेतील एक शिक्षिका माझ्याकडे येत. डोके दुखते, छातीत धडधडते, पित्त होते, झोप नाही. मी कार्डिओग्राम काढला, रक्त तपासले, पित्ताच्या गोळ्या दिल्या, ताकदीची इंजेक्शने दिली आणि झोपेसाठी एक छोटी गोळी दिली. ती गोळी त्यांनी अकरा महिने घेतली. बाईंचे गाणे सुटले होते, त्या शाळेतून आल्या की भिंतीकडे तोंड करून पडत, हे मला कोणी सांगितले नाही. आणि मी विचारलेही नाही. एके दिवशी त्यांच्या नणंदबाई मुलाच्या वहीतले एक पान घेऊन आल्या. "आता माझ्याच्याने होत नाही, मुलांना सांभाळा," एवढाच मजकूर होता. त्याच दुपारी आम्ही बाईंना जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. दीड-दोन महिन्यांत बाई पुन्हा शाळेत जाऊ लागल्या. माझ्या त्या छोट्या गोळीची सवय सुटायला मात्र त्याहून जास्त वेळ लागला.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे, तुमचा नेहमीचा डॉक्टर झोपेची गोळी महिनोन्‌महिने लिहून देत असेल, तर "ही किती दिवस आणि कशासाठी?" असे त्याला विचारायला भिऊ नका. तो डॉक्टर मी असलो, तरी विचारा.

याचा अर्थ नेहमीच्या डॉक्टरकडे जाऊच नये असा नाही. सुरुवात तिथूनच करावी. थायरॉइड कमी झाले, अंगात रक्त कमी असले, ब-१२ जीवनसत्त्व उतरले, साखर बिघडली, की माणूस मलूल होतो, चिडचिडा होतो. थायरॉइड वाढले तर धडधड आणि घाबरेपणा येतो. काही औषधांनीही मन खचते. या तपासण्या तालुक्याला होतात. त्या झाल्यावर पुढची चिठ्ठी घ्यावी.

आता ही चिठ्ठी कोणाच्या नावाने, हा खरा प्रश्न. आपल्याकडे "मनाचा डॉक्टर" या एका नावाखाली तीन-चार वेगवेगळ्या माणसांची गल्लत होते.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट. हा आधी माझ्यासारखाच एम.बी.बी.एस. असतो आणि त्यानंतर त्याने मानसोपचार विषयातील एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. केलेले असते. निदान करणे, औषध देणे, गरज पडल्यास दाखल करणे हे त्याचे काम. दुसरा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. हा गोळ्या देत नाही. मानसशास्त्रीय चाचण्या आणि बोलण्यातून करावयाचे उपचार यांचे त्याने रीतसर शिक्षण घेतलेले असते. आज काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी एम.ए.नंतर दोन वर्षांचे एम.फिल. केलेले आहे. त्याची नोंद भारतीय पुनर्वसन परिषदेकडे, म्हणजे आर.सी.आय.कडे असावी लागते, आणि तसा नोंदणी क्रमांक त्याच्याजवळ असतो. तिसरा समुपदेशक, म्हणजे कौन्सेलर. यात मात्र सोने आणि पितळ एकाच दुकानात मिळते. मानसशास्त्रात एम.ए. करून अनुभवी माणसांच्या हाताखाली वर्षानुवर्षे काम केलेले उत्तम समुपदेशक मला माहीत आहेत. आठवड्याचे शिबिर करून पाटी लावलेलेही माहीत आहेत. २०२१ साली संसदेने आरोग्यसेवेशी संलग्न व्यवसायांसाठी कायदा केला, त्यात समुपदेशकही आले. पण गावात पाटी लावण्यापूर्वी कोणी येऊन पदवी तपासून जातो, असे आजही नाही. ते काम तुम्हालाच करावे लागते. चौथा मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता. तो सरकारी दवाखान्यात भेटतो आणि घरच्यांना समजावणे, दाखले, पुनर्वसन हे सारे पाहतो. लोक त्याला शिपाई समजून पुढे निघून जातात. तसे करू नका, फार उपयोगी माणूस असतो.

कोणत्या दुखण्याला कोण, हे ढोबळमानाने असे. कानात आवाज येतात, कोणी पाठलाग करते असे वाटते, माणूस एकटाच बोलतो, आठ-आठ दिवस झोपेशिवाय उत्साहात हिंडतो आणि पैसे उधळतो, खाणेपिणे सोडून पडून राहतो, मरणाचे विचार बोलून दाखवतो, तर सरळ मानसोपचारतज्ज्ञ. इथे आधी औषध लागते. आमच्याच भागातला कॉलेजचा एक मुलगा आठ महिने "व्यक्तिमत्त्व विकास" शिकवणाऱ्या एका गृहस्थांकडे जात होता. त्याला ऐकू येणारे आवाज म्हणजे नकारात्मक विचार आहेत, असे त्याला सांगण्यात आले. छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, या आजारात उपचार जितके लवकर सुरू होतील तितके बरे. त्या मुलाचे आठ महिने असे गेले.

याउलट परीक्षेची धास्ती, नवरा-बायकोची धुसफूस, घरातल्या मृत्यूनंतर न सावरणे, चारचौघांत बोलायची भीती, अशा ठिकाणी चांगला मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक पुरतो. मधल्या प्रदेशात, म्हणजे नैराश्य, चिंतेचे झटके, पुन्हापुन्हा हात धुण्यासारखा मंत्रचळ, यांत बऱ्याचदा दोघेही लागतात. मंत्रचळात तर ज्या गोष्टीची भीती वाटते तिला थोडेथोडे सामोरे जायचे आणि हात धुवायचे नाहीत, असा सरावाचा उपचार असतो. तो ज्याला येतो त्याच्याकडेच जावे. नुसते "विचार करू नका" असे सांगून मंत्रचळ जात नाही.

माणूस शोधायचा कुठे? सिव्हिल हॉस्पिटलपासून सुरुवात करा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात टप्प्याटप्प्याने आला, आणि त्याखाली जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग चालतो. त्यांचे पथक काही ठिकाणी ठरलेल्या वारी ग्रामीण रुग्णालयातही येते. वार बदलतो, म्हणून आधी विचारून मगच एस.टी.त बसा. बहुतेक नेहमीची औषधे तिथे मिळतात. जवळ वैद्यकीय महाविद्यालय असेल तर तिथेही हा विभाग असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांतसुद्धा रोजचे पेशंट तपासून औषध देऊन घरी पाठवतात. तिथे गेले म्हणजे कोंडून ठेवतात, ही समजूत जुनी आहे. व्यसनाचे दुखणे असेल तर पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करीत आहे.

हे काहीच जवळ नसेल तर १४४१६ हा क्रमांक लिहून ठेवा. 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. फोन मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येते, आणि आपल्या जिल्ह्यात पुढे कुठे जायचे हेही ते सांगतात.

खाजगी तज्ज्ञाकडे जाणार असाल तर अपॉइंटमेंट घेतानाच शिक्षण काय, नोंदणी कुठली, अशा दुखण्याचे पेशंट नेहमी पाहता का, एका बैठकीची फी किती, साधारण किती बैठका लागतील, हे विचारा. ट्रॅक्टर घेताना आपण चार शोरूम फिरतो. इथे मात्र विचारायची लाज वाटते. मानसोपचारतज्ज्ञाची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची आर.सी.आय.कडे तपासता येते. कॉलेजातला कोणताही मुलगा मोबाईलवर पाहून देईल. चांगला माणूस या प्रश्नांनी रागावत नाही. रागावला, तर तेवढी माहिती पुरेशी समजा.

पहिल्या भेटीत फारसे काही "होत" नाही, याने लोक निराश होतात. तासभर नुसते प्रश्न विचारले आणि पैसे घेतले, असे मला येऊन सांगतात. अहो, तीच तपासणी. मी छातीला स्टेथोस्कोप लावतो, तो प्रश्न लावतो. पेशंटशी एकट्याने बोलायला मिळाले का, एवढे मात्र पाहा. सगळे उत्तर नवराच देत असेल किंवा सासूबाई शेजारी बसल्या असतील, तर बाई खरे कसे बोलेल? बाईला स्त्री डॉक्टर हवी असेल तर तसे मागावे. मराठीत, आपल्या बोलीत बोलता येते का, हेही महत्त्वाचे. इंग्रजी शब्दांच्या भेंडोळ्यात जीव मोकळा होत नाही.

काही खुणा पाहून उठून यावे. शंभर टक्के बरे करण्याची हमी देणारा, पाहिल्याबरोबर महागडे वर्षाचे पॅकेज गळ्यात मारणारा, दुसऱ्या पेशंटच्या घरातील गोष्टी नावानिशी सांगणारा (उद्या तुमच्याही सांगेल), डॉक्टर नसताना चालू गोळ्या बंद करायला लावणारा. गुप्तता हा आता केवळ सौजन्याचा भाग राहिलेला नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तो पेशंटचा हक्क आहे. त्याच कायद्याने आरोग्य विम्यात मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरावेत असे सांगितले आहे. पॉलिसी असेल तर काढून वाचा.

देवऋषी, भगत यांच्याविषयी मी भांडत बसत नाही. देवाला नारळ फोडून कोणी माझ्याकडे आला, तर माझी काही हरकत नाही. पण साखळीने बांधणे, मारझोड, मिरचीची धुरी, हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. आणि त्यात वेळ जातो तो वेगळाच.

आता एक नाजूक बाब. शिक्षण चांगले, नोंदणी आहे, तरी सूर जुळत नाही, असे होते. बोलण्याच्या उपचारात सूर जुळणे हे निम्मे औषध आहे. तीन-चार बैठका द्या. तरीही आपले ऐकलेच जात नाही असे वाटले, तर त्यांनाच स्पष्ट सांगा आणि दुसरे नाव मागा. यात कोणाचा अपमान नाही. औषधाचे गणित मात्र निराळे आहे. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठव्या दिवशी डॉक्टर बदलणे म्हणजे पेरून चार दिवसांत बियाणे उकरून पाहणे. बरे वाटू लागल्यावरही त्या निदान सहा महिने चालू ठेवाव्या लागतात आणि डॉक्टरच्या सांगण्यानेच हळूहळू कमी कराव्या लागतात. या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. ते लागते झोपेच्या गोळ्यांचे, ज्या लोक बिनधास्त घेतात.

आणि कोणी पाहिले तर? छोट्या गावात कोणाची मोटारसायकल कुठे लागली, हे संध्याकाळपर्यंत कट्ट्यावर कळते, ही गोष्ट खरी आहे. सिव्हिलमध्ये याचा एक फायदा आहे. तिथे शंभर कारणांनी शंभर माणसे येतात, केसपेपर कशाचा ते कोणी विचारत नाही. पहिली भेट प्रत्यक्ष झाल्यावर पुढच्या बैठका व्हिडिओ कॉलवर घेणारे मानसशास्त्रज्ञही आता आहेत. फक्त घरात दार लावून बसायला एक खोली हवी. ती नसेल तर शेतावर जावे; माझा एक पेशंट विहिरीजवळच्या आंब्याखाली बसून बोलतो आणि तिथे रेंजही चांगली येते.

मात्र माणूस मरणाची भाषा बोलत असेल, निरवानिरव करू लागला असेल, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्याला एकटे सोडू नका, घरातली फवारणीची औषधे कुलपात घाला आणि त्याच दिवशी सिव्हिलला न्या. रात्र असली तर १४४१६ किंवा १०८ लावा. "असे विचार येतात का?" हे सरळ विचारल्याने विचार वाढत नाहीत. शिक्षिकाबाईंनी मला नंतर सांगितले, की कोणीतरी विचारावे याचीच त्या वाट पाहत होत्या.

आडत दुकानदारांना मी हाच प्रश्न घरी जाऊन विचारायला सांगितला होता. दुसऱ्या दिवशी दोघेही आले. वहिनींचे थायरॉइड तपासले, ते ठीक निघाले. मग मी सिव्हिलच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. शेठने ती दोनदा वाचली आणि "पाकिटात घालून द्या," म्हणाले. घालून दिली. काल ते पहिल्या एस.टी.ने जाऊन आले.