पंच्याऐंशीव्या प्रश्नाला बंद पडणारा पडदा

पंच्याऐंशीव्या प्रश्नाचं उत्तर दिलं आणि पडद्यावर परीक्षा संपल्याची सूचना आली. केंद्राचा जिना उतरताना परिचारिकेच्या डोक्यात एकच विचार असतो: इतक्या लवकर बंद झालं, म्हणजे गेलेच मी! तिच्या मैत्रिणीला मात्र कुणीतरी छातीठोकपणे सांगितलेलं असतं, की लवकर बंद झालं म्हणजे हमखास पास. दोघींची समजूत चुकीची आहे, आणि या चुकीची सुरुवात महिनोन्‌महिने सोडवलेल्या सराव चाचण्यांतच झालेली असते.

ही परीक्षा म्हणजे ‘एनक्लेक्स-आरएन’. अमेरिकेत नोंदणीकृत परिचारिका म्हणून परवाना हवा तर ती द्यावीच लागते, आणि मुंबईतही तिचं केंद्र आहे. आपल्याकडे विद्यापीठाची परीक्षा उत्तीर्ण झाली की राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते. त्यामुळे १९९४ पासून संगणकावर चालणारी ही वेगळ्या धाटणीची परीक्षा इथल्या मुलींना बुचकळ्यात टाकते.

प्रत्येक उत्तरानंतर संगणक उमेदवाराच्या क्षमतेचा नव्याने अंदाज घेतो आणि पुढचा प्रश्न असा निवडतो, की तो बरोबर येण्याची शक्यता साधारण निम्मी असावी. उमेदवार उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर आहे की खाली, याची ९५ टक्के खात्री झाली की परीक्षा थांबते. किमान ८५ प्रश्न, कमाल १५०, वेळ पाच तास. ८५ वर थांबणं म्हणजे निर्णय लवकर झाला, एवढंच. तो पासचाही असतो आणि नापासचाही.

‘सरावात ५५ टक्केच पडले, आता काय होणार?’ ही धास्ती सगळ्यात जास्त छळते. वर्गातल्या पेपरात ५५ म्हणजे जेमतेम. पण खऱ्या अर्थाने अनुकूली, म्हणजे उत्तरांनुसार पुढचे प्रश्न निवडणाऱ्या चाचणीत हुशार आणि कच्ची, दोघींचेही जवळपास निम्मेच प्रश्न बरोबर येतात. फरक असतो तो प्रश्नांच्या काठिण्यात. सोपे प्रश्न निम्मे सोडवणं वेगळं आणि अवघड प्रश्न निम्मे सोडवणं वेगळं. म्हणून नुसती टक्केवारी पाहून रडू नये आणि हुरळूनही जाऊ नये.

इथे आणखी एक घोळ होतो. ‘अनुकूली’ म्हणून विकले जाणारे सगळे सराव-संच सारखे नसतात. काही परीक्षेसारखं मोजमाप करतात, म्हणजे काठिण्य वरखाली करून पातळी शोधतात. काही शिकवण्यासाठी असतात: मूत्रपिंडाच्या आजारांवर चुका झाल्या, की त्याच विषयाचे प्रश्न पुन्हा पुढे करतात. दोन्ही उपयोगी आहेत, पण दुसऱ्याचा आकडा पहिल्याच्या अर्थाने वाचला की गडबड होते. आणि तोच संच पुन्हा सोडवून ८० टक्के मिळाले, तर त्यातले बरेचसे गुण प्रश्न आठवल्याचे असतात.

‘प्रश्न सोपा आला, म्हणजे मी घसरले’ हा तर्कही परीक्षेत घातक ठरतो. पहिल्या ८५ प्रश्नांत १५ प्रश्न केवळ चाचपणीसाठी असतात. त्यांचे गुण धरलेच जात नाहीत, आणि ते कोणते हे उमेदवाराला कळत नाही. शिवाय एप्रिल २०२३ पासून आलेल्या रुग्ण-प्रसंगांत सहा-सहा प्रश्नांचा संच ठरलेलाच असतो, मधल्या उत्तरांनी तो बदलत नाही. प्रश्नाच्या काठिण्यावरून निकाल ताडत बसण्यापेक्षा समोरचा रुग्ण पाहावा.

मग हजारो प्रश्न सोडवले की झालं? नाही. चाचणीने स्मरण पक्कं होतं हे खरं आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातील रोडिगर आणि कारपिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर ४२ टक्के आठवलं, तर वाचून स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांना ५६ टक्के. पण परिचर्येत आठवण्याइतकंच महत्त्व आधी कोणाकडे धावायचं याला असतं. समजा, चार रुग्ण आहेत: एक गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर वेदनेने कळवळतोय, एकाची साखर १८० आहे, एकाला घरी सोडायचंय, आणि थायरॉइडची शस्त्रक्रिया झालेल्या चौथ्याच्या श्वासातून कर्कश आवाज येतोय. पहिल्याकडे धावणारी मुलगी ‘उत्तर चौथा’ एवढंच टिपून पुढे गेली, तर उद्या दम्याच्या रुग्णाबाबत तीच चूक करेल. श्वासमार्ग आधी, वेदना नंतर. हे कारण तिने वहीत स्वतःच्या शब्दांत लिहिलं, तरच तो प्रश्न सोडवल्याचं चीज होतं. दिवसाला दोनशे प्रश्नांचा आग्रह धरणाऱ्या क्लासेसनी याचा गांभीर्याने विचार करायला हवा.

आणि नापास झालेल्यांसाठी: परीक्षा पुन्हा देण्यासाठी साधारण ४५ दिवस थांबावं लागतं. निकालासोबत कामगिरीचा अहवाल येतो. प्रत्येक विभागात उमेदवार उत्तीर्णतेच्या पातळीच्या वर, जवळ की खाली होती, हे त्यात लिहिलेलं असतं. तो कपाटात ठेवू नका. ‘खाली’ लिहिलेल्या विभागापासून पुढचा सराव सुरू करा.